डाव्या अंगाचं कौल

मी एक जुनं मंगलोरी कौल आहे, आणि तेही अर्धंच. उरलेला अर्धा कसा गेला ते सांगतो. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, सगळं मुकाट्यानं सोसणारं, सगळ्यांना माफ करणारं असं काही मी नाही. मी डूख धरतो.

माझा जन्म भट्टीतला. माती मळली, साच्यात दाबली आणि लाल होईपर्यंत भाजली. पुढं अंग थंड झालं, डोकं मात्र तापट राहिलं ते राहिलंच. आम्हा कौलांच्या पोटाखाली दोन बोंडं असतात. ती छपराच्या लाकडी रिपेला अडकवून आम्ही जागा धरून बसतो. मिरजेला मालगाडीतून उतरलो, बैलगाडीनं सांगलीला आलो आणि एका गल्लीतल्या खोल्यांच्या ओळीत अगदी शेवटच्या खोलीवर चढलो.

त्या खोलीत बनुबाई राहायची. तिचा नवरा जोतीराम लष्करात होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात चूल, एवढाच तिचा संसार. दिवाळीच्या आधी ती स्वतः शिडी लावून वर यायची, आमच्यात अडकलेला पाला काढायची, सरकलेलं कौल जागेवर बसवायची. "बसा आता गपगुमान," म्हणायची. कौलाला याहून जास्त कौतुक लागत नाही.

पासष्ट सालच्या हिवाळ्यात ती ओळ आप्पासाहेबांनी विकत घेतली. त्यांचा धंदाच तो. जुन्या खोल्या घ्यायच्या, डागडुजी करायची, रंग फासायचा आणि नव्या माणसाला चढ्या भाड्यानं द्यायच्या. अडचण एकच. जुना भाडेकरू कायद्यानं निघत नाही. मग आप्पासाहेब दुरुस्तीचं नाव पुढं करून छप्परच उतरवायचे. उघड्यावर किती दिवस काढणार? माणूस आपण होऊन जातो. ओळीतल्या बाकीच्या खोल्या अशाच रिकाम्या झाल्या होत्या.

अर्जुना गवंडी आमच्यावर चढला तेव्हा आप्पासाहेब खाली उभे होते.

"बनुबाई, चार दिवसांत छप्पर नवं करून देतो. तवर पाव्हण्यांकडं जा," ते म्हणाले.

"आवं, एकदा भाईर पडले की परत आत कोण घेणार मला?" बनुबाई म्हणाली. "मालक रजेवर आलं तर कुठं यायचं त्यांनी? मी जागा सोडत न्हाई."

"थंडी लय हाय. कुडकुडशील."

"त्ये तिकडं बर्फात ऱ्हात्यात. मला इथं काय हुतंय?"

बोलणं संपलं आणि आम्हाला खाली फेकायला सुरुवात झाली. माझं एक बोंड तिथंच मोडलं. आई गं, काय कळ आली! आप्पासाहेबांनी मला उचलून बघितलं आणि म्हणाले, "चांगली हायत की ही. आमच्या देवघराचं छप्पर गळतंय, त्याच्यावर चढवा." म्हणजे बनुबाईचं डोकं उघडं टाकायचं आणि तिच्याच कौलांनी स्वतःचं देवघर शाकारायचं. त्याच घडीला मी मनाशी म्हटलं, आप्पासाहेब, हे तुमच्याकडून वसूल केल्याशिवाय मी राहणार नाही.

त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. तिथून मला बनुबाईची खोली दिसायची. तिनं उघड्या रिपांवर उसाचं पाचट पसरलं होतं. सकाळी दवानं भिजलेलं अंथरूण ती वाळत घालायची, खोकायची आणि पुन्हा आत जाऊन बसायची. चार दिवस कधीच उलटून गेले होते. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एका बोंडावर लटकून मी संधीची वाट बघत राहिलो.

ती दिली खुद्द आप्पासाहेबांनीच. बाई हटत नाही, तेव्हा आता भिंतच पाडायची असं त्यांनी ठरवलं. पण त्यांच्या आईचा, रंगुबाईंचा, घरात एक नेम होता. मोठं काम देवीला विचारल्याशिवाय करायचं नाही. देवघरात औंधच्या यमाईची तसबीर होती. तिच्या काचेवर दोन्ही बाजूंना ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. देवीच्या उजव्या अंगाचं फूल आधी पडलं तर होकार, डाव्या अंगाचं पडलं तर नकार. यालाच कौल लावणं म्हणतात. रंगुबाईंना मोतीबिंदूमुळं दिसत नव्हतं, म्हणून फुलाकडं बघायचं काम लेकाकडं होतं.

मी वरून बघत होतो. फूल पडलं, ते डाव्या अंगाचं.

"उजवा दिला आई," आप्पासाहेब म्हणाले.

अस्सं! माझ्या डोळ्यांदेखत देवीच्या तोंडी खोटं घातलं. मी उरलेलं बोंड रिपेवरून सोडलं आणि खाली आलो. धाडकन आपटलो आणि माझे दोन तुकडे झाले. आप्पासाहेब केवढ्यानं तरी दचकले.

"काय पडलं रं आप्पा?" रंगुबाईंनी विचारलं.

"काय न्हाई आई, कौल पडलं."

"कौल पडला? मग मगाशी काय सांगितलंस?" म्हातारीनं जमीन चाचपली. तिचा हात आधी तसबिरीच्या चौकटीला लागला, मग देवीच्या डाव्या अंगाला माझ्यावर आला. "डाव्या अंगाला हाय ह्यो. आणि हे आपल्या छपराचं वाटत न्हाई. कुणाच्या घरचं रं?"

आप्पासाहेबांनी वर छपरातल्या भोकाकडं बघितलं.

"बनुबाईच्या," ते पुटपुटले.

"म्हंजे तिचं उतरवून आपल्यावर घातलंस! तिचं छप्पर तिच्या डोक्यावर घाल. आजच्या आज. तवर मी अन्नाला शिवणार न्हाई."

दिवस मावळायच्या आत अर्जुनानं सगळी कौलं परत चढवली. आप्पासाहेब खाली उभं राहून एकेक कौल वर देत होते. मित्रांनो, माझे दोन तुकडे झाले होते, पण असा आनंद मला भट्टीतून निघाल्यापासून झाला नव्हता.

माझा एक तुकडा कुठं फेकला गेला ते मला ठाऊक नाही. दुसरा बनुबाईनं पदरात घालून आणला. "देवीचा कौल आमी कवाच सोडला," ती अर्जुनाला म्हणाली, "पर हे कौल मी सोडत न्हाई." पुढं जोतीराम रजेवर आला तो त्याच दारात, आणि तिनं आधी मला दाखवलं. आता मी तिच्या पाण्याच्या माठाखाली टेकण म्हणून आहे.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कौलांची निगा राखा, पाला साठू देऊ नका. मोठे होऊन घरं विकत घ्याल, भाड्यानं द्याल, खुशाल द्या. पण दुसऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर काढायच्या आधी एकदा वर बघा. आप्पासाहेब अजून बघतात. स्वतःच्या देवघरातसुद्धा वर बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत.