आधी द्यायचं औषध

दीपिकाने बॅटरीचा उजेड बहिणीच्या उजव्या डोळ्यावर धरला. बाहुली झटकन बारीक झाली. मग तिने उजेड डाव्या डोळ्यावर नेला. तिथली बाहुली बारीक व्हायची सोडून उलट पसरली. पुन्हा उजवा, पुन्हा डावा, असं तिने चार वेळा केलं. उगाचच केलं, कळायचं ते पहिल्या वेळीच कळलं होतं.

"फटका कधी बसला?"

प्रेमा विचारात पडली.

"कंचा?"

दीपिकाचा हात खाली आला. माहेरच्या ओसरीवर दुपारचं ऊन होतं, तरी बॅटरी तशीच जळत राहिली.

"हा. भुवईवरचा."

"झोडणीच्या दिशी. आज बारावा दिस."

भुवईच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी खपली होती. बाकी डोळा धड होता. लाली नाही, सूज नाही, ओरखडा नाही. आणि खरी गोची तिथेच होती. खळ्यावर जेवण उशिरा आलं म्हणून हरेशने पेंढा उलटायची काठी बायकोच्या कपाळावर घातली. प्रेमा भाताच्या राशीवर आडवी झाली. उठून बसली तेव्हा तिचं डावीकडचं सगळं विझलेलं होतं. पण दिसायला डोळा शाबूत, मग कोण विश्वास ठेवणार? सासू हौसा म्हणाली, नाटकं करते. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हंडा दाराच्या चौकटीवर आपटला, तेव्हा हरेशने तिचे केस धरून डोकं त्याच चौकटीवर आदळलं. "आता दिसली का चौकट?" म्हणाला. चौथ्या दिवशी तिने आमटीचं भांडं चुलीवर ठेवायच्या ऐवजी चुलीच्या बाजूला सोडलं, तेव्हा तर त्याने चुलीतलं जळतं लाकूडच ओढलं. त्याचा डाग प्रेमाच्या दंडावर होता. बाहीखाली झाकला होता, पण दीपिकाने पाहिला.

दीपिका मुंबईत संशोधन करायची. डोळ्याचा पडदा म्हणजे मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा, असं ती विद्यार्थ्यांना सांगे. त्यातल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या मरू नयेत म्हणून एक औषध तिने दहा वर्षं हाताळलं होतं. उंदराच्या डोळ्यामागची नस चिमट्यात धरायची, दहा सेकंद दाबायची, सोडायची. दोन आठवड्यांनी पडदा काढून किती पेशी उरल्या ते मोजायचं. एक डोळा बिघडवायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. हात असा बसला होता की चिमटा दाबताना ती मनातल्या मनात आकडे मोजत दुसऱ्याच कसल्यातरी कामाचा विचार करू शके. यातलं फार काही घरी कुणाला ठाऊक नव्हतं. तिचे वडील सावळाराम मात्र धसईच्या बाजारात भेटेल त्याला धरून सांगत, की आमची दीपी डोळ्याचं औषध काढते. वांगी विकत घ्यायला आलेला माणूस वांग्यांबरोबर हेही घेऊन जायचा.

तीन वाजता हरेशची माणसं प्रेमाला न्यायला आली. शहापूरच्या पलीकडून जीप करून आली होती. हरेश, हौसा आणि दोन्हीकडच्या नात्यातले कोंडूआबा. आबांचा रिवाज ठरलेला. दोन्ही बाजू ऐकायच्या, जावयाला चार शब्द सुनवायचे, नारळ फोडायचा. नारळ फुटला की विषय मिटला आणि पोरगी दिवस मावळायच्या आत सासरी गेलीच पाहिजे. असे किती नारळ त्यांनी फोडले होते, आणि त्यातल्या किती पोरी पुन्हा माहेरी आल्या होत्या, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"चुकला माझा," हरेश जमिनीकडे बघत म्हणाला. "पन ती डोळा गेला म्हनून जे सांगते ना, ते खोटा हाय."

"बघा की डोळा," हौसा म्हणाली. "कुठं काय झालाय? माझ्यापेक्षा चांगला हाय."

दीपिकाने आबांना जवळ बोलावून बॅटरीची गंमत दाखवली. आबांनी चष्मा वर केला, खाली केला. बाहुली पसरली ती त्यांना दिसली की नाही देव जाणे. त्यांचा चेहरा मात्र अडचणीत सापडल्यासारखा झाला. डोळा खरंच गेला असेल तर नुसत्या नारळाने भागणार नव्हतं.

त्यांना सोडवलं ते सावळारामांनी.

"डोळ्याचा काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "आमची दीपी त्याचाच औषद काढते. दोन म्हैन्यांत डोळा लख्ख करील. काय गो दीपे?"

म्हाताऱ्याच्या आवाजात अभिमान होता, आणि अभिमानाखाली चळचळ कापणारी आशा होती. ओसरीवरच्या सगळ्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. सर्वांत आधी हरेशचं. तो मांडी बदलून नीट बसला.

"मंग तर झाला," आबा म्हणाले. "नारळ आना."

नारळ आला. आबांनी तो हातात घेऊन शेंडी उपटली.

"बाबा, ते औषध लागू पडणार नाही," दीपिका म्हणाली.

"म्हंजे?"

"ते आधी द्यावं लागतं. मार बसायच्या आधी. नंतर दिलं तर थोडाबहुत उपयोग, दुसऱ्या दिवशी तेवढाही नाही. आज बारावा दिवस आहे. उद्या मी तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेते, पण ते काय सांगतील ते मला आत्ताच माहीत आहे."

"पन तू तं म्हनली व्हतीस, उंदरं बरी झाली."

"बरी नाही झाली, बाबा. कमी बिघडली. त्यांना मी तासभर आधी सुई देते. मग नस दाबते."

"कोन दाबते?" हरेशने मान वर केली.

"मी."

"म्हंजे तुमी पन मारताच की, ताई."

त्याच्या ओठावर हसू आलं. हौसाही पदराआड हसली. दीपिकाला शरम वाटली. उलट उत्तर द्यायला तिच्याकडे प्राणी वापरायचे नियम होते, भुलीची औषधं होती, कागदपत्रं होती. त्यातलं काहीही या ओसरीवर उभं राहिलं नसतं.

"हो," ती म्हणाली.

आबांनी नारळ आपटायला पायरीवरचा दगड हेरून ठेवला. इतका वेळ खांबाला टेकून बसलेली प्रेमा तेव्हा पुढे सरकली.

"ताय, आधी म्हंजे किती आधी?"

"तासभर."

"सुई कुठं टोचायची?"

"पोटात. का गो?"

"मना टोचता येईल. एकदा दाखव फक्त." प्रेमा बोटांवर हिशेब लावू लागली. "बाजाराच्या दिशी तो पिऊन येतो, ते मना सकाळीच ठावं असतं. अमावास्येला नक्की. शेतावर मजूर आले नाय की त्या दिशी. बाकीच्या दिशी कळत नाय, तर रोज सकाळी चहाच्या आधी टोचून घेईन. उजव्या डोळ्यापुरता दे. डावा तं..."

ती टोमणा मारत नव्हती. दीपिकाने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं. प्रेमा मनापासून विचारत होती. डोक्यावर ऊन येणार म्हणून माणूस छत्री मागतो, तशी ती मागत होती.

हरेश ताडकन उठला. चारचौघांत अब्रू चालली होती त्याची. खांबाला वळसा घालून तो प्रेमाच्या डाव्या अंगाला आला आणि त्याने हात उगारला. सगळ्यांनी तो हात पाहिला. आबांनी पाहिला, समोर बसलेल्या हौसाने पाहिला. दीपिका ओरडली. हात सरळ प्रेमाच्या डोळ्याच्या दिशेने येत होता, आणि प्रेमा दीपिकाकडे बघत बोलतच होती. तिची पापणी लवली नाही. मान चुकवायला हलली नाही. फाडकन आवाज झाला आणि तिचं डोकं खांबावर आदळलं.

"...गेला तो गेला," तिने अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. मग हाताने खांब चाचपला आणि फटका कुठून आला ते बघायला मान वळवली.

हौसाचं तोंड उघडंच राहिलं. तिने पदर सावरला, हरेशकडे बघितलं आणि नजर खाली घातली. आबांनी बॅटरी मागितली नाही. हातातला नारळ त्यांनी हळूच जमिनीवर ठेवला. तो थोडा घरंगळला, तर पायाने अडवला.

"चुकून लागला," हरेश पुटपुटला. त्याचा हात अजून वरच होता.

"सावळाराम," आबांनी घसा खाकरला. "मंग पाठवनीचा कसा करायचा?"

"पाठवनी नाय."

"आज नाय, का..."

"नाय म्हंजे नाय. तुमी जीपीत बसा."

सावळाराम गुडघ्यावर हात टेकून उठले. हरेश बाजूला होईना, तेव्हा त्यांनी छातीला हात लावून त्याला मागे लोटलं. सत्तरीच्या माणसात एवढा जोर कुठून आला कोण जाणे; हरेश पायरीवरून खाली गेला तो पुन्हा वर चढला नाही. हौसा त्याच्यामागे उतरली. मग सावळाराम खांबापाशी आले आणि लेकीच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसले.

प्रेमाला ते दिसले नाहीत. ओठाचं रक्त पदराने पुसत ती दीपिकाकडेच बघत होती.

"ताय," ती म्हणाली, "देशील ना गो?"