ठिपक्यांचा रकाना

घरजावयाची छाती किती इंच असावी याचा कुठे नियम नाही, पण या जावयाची अडतीस होती. निदान त्याची तशी पक्की समजूत होती. लग्नाच्या कोटाचं माप घेताना खुद्द सासऱ्यांनी त्याच्या छातीभोवती टेप फिरवून, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात "अडतीस" म्हटलं होतं. सासरे म्हणजे साधीसुधी असामी नव्हे. तीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवणारे, सगळ्यांचे मास्तर. त्यानंतरच्या तीन वर्षांत मास्तर जावयाबद्दल दुसरं काही बरं बोलले नव्हते, त्यामुळे त्याने तो आकडा जिवापाड जपला होता. तयार शर्ट अडतीसचा घेतला की अंगावर पोत्यासारखा लोंबायचा. मग जावई शर्ट करणाऱ्या कंपनीला नावं ठेवायचा. आकड्यावर शंका घेणं त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

तो कॉम्प्युटरचे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ऑफिसात होता. ते ऑफिस एका सोमवारी बंद झालं आणि नवरा-बायको चार दिवसांसाठी म्हणून तिच्या माहेरी आले. चार दिवसांचे आठ महिने झाले. बायको दवाखान्यात नोकरीला जायची, सासूबाई काही बोलायच्या नाहीत आणि मास्तर तर मुळातच बोलायचे नाहीत. दुकानात कुणी विचारलंच तर "हे आमचे पाहुणे" एवढं सांगायचे. आठ महिने मुक्काम ठोकलेल्या माणसाला पाहुणा म्हटलं की कसं वाटतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. जावयाला ते रोज दोन-तीनदा कळायचं.

म्हणून त्याने दुकानासाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला. मास्तरांच्या मापांच्या बावीस वह्या होत्या आणि एक गिऱ्हाईक शोधायला अर्धा तास जायचा. जावयाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खिडकी केली. तिच्यात नाव, उंची, खांदा, छाती, कंबर, बाही असे एकाखाली एक चौकोन. चौकोन भरायचे, खालचं सेव्हचं बटण दाबायचं, की सगळी मापं एका ओळीत जाऊन डेटाबेसच्या तक्त्यात बसायची आणि चौकोन पुढच्या माणसासाठी कोरे व्हायचे. मापाच्या चौकोनांवर त्याने पहारा बसवला होता. आकडा सोडून दुसरं काहीही लिहिलं की लाल अक्षरं यायची, "इथे फक्त आकडा लिहा", आणि ती नोंद आत जायचीच नाही. सासूबाईंनी परीक्षा म्हणून आपल्या कमरेच्या चौकोनात "बरी आहे" असं लिहून पाहिलं. पहाऱ्याने त्यांनाही परत पाठवलं. जावयाला त्या पहाऱ्याचा फार अभिमान होता.

मास्तरांनी वह्या दिल्या त्या एकाच अटीवर. वहीत जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं. जावई म्हणाला, जसंच्या तसं. आणि पहिल्याच पानावर अडखळला. कंबर छत्तीस, आणि त्या छत्तिसाच्या डोक्यावर तीन बारीक ठिपके. त्याने इमानेइतबारे ठिपके लिहिले, तर लाल अक्षरं आली. स्वतःच्याच पहारेकऱ्याने त्याला दारात अडवलं होतं. त्याने भिंग लावून पाहिलं. काही आकड्यांच्या डोक्यावर ठिपके, काहींच्या पायाशी. दुकानात माश्या होत्याच. तीस वर्षांत माश्या काय कमी वेळा वहीवर बसल्या असतील, असा विचार करून त्याने ठिपके सोडून दिले. दोन महिन्यांत अकराशे चाळीस गिऱ्हाइकं डेटाबेसमध्ये गेली आणि एकाही माशीला त्याने आत शिरू दिलं नाही.

तेवढ्यात मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी तीन आठवडे दुकानाचं तोंड बघायचं नाही म्हणून सांगितलं. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा नेमका त्याच वेळी अग्निशामक दलाच्या बँडचा निरोप आला. बारा वादकांचे बारा नवे गणवेश, मापं जुनीच घ्या, वहीत आहेत. आजवर कापडावर खडूने आखायचं काम मास्तर एकटे करायचे, तेही सगळ्यांकडे पाठ करून. ते कारागिरावर सोपवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. पण इलाज नव्हता. जेवताना ते जावयाकडे न बघता म्हणाले, "तुमच्या चिठ्ठीवरून कापू दे त्याला. बारा कपडे नीट बसले तर तुमचं टेबल गल्ल्याशेजारी कायमचं. नाही बसले तर ते यंत्र माळ्यावर, आणि तुम्ही काम दुसरीकडे बघायचं."

सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी माळ्यावर यंत्रापुरती जागा मोकळी करून ठेवली. त्या मनाने वाईट नव्हत्या, फक्त व्यवस्थित होत्या.

जावयाने बारा चिठ्ठ्या छापल्या. कारागिराने चिठ्ठीबरहुकूम कापलं, शिवलं, इस्त्री केली. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सकाळी बारा वादक कपडे घालून बघायला आले. जावई हातात कागद घेऊन उभा होता, एकेकाच्या नावापुढे बरोबरची खूण करायला.

पहिला ढोलवाला पडद्याआडून बाहेर आला तेव्हा जावयाला वाटलं, कपड्यांची अदलाबदल झाली असावी. कोटात आणखी एक ढोलवाला मावला असता, आणि पँट इतकी आवळलेली की माणूस बोलताना शब्द तोडून तोडून बोलत होता. दुसरा आला तोही तसाच. तिसरा, चौथा, तसेच. छातीला सगळे बुडालेले आणि कमरेला सगळे करकचून बांधलेले. शेवटी बँडप्रमुख आले. हे अंगाभोवती वेटोळं घेणारा सगळ्यात मोठा भोंगा वाजवायचे. ते म्हणाले, बघू जरा श्वास घेता येतो का. त्यांनी पोटात श्वास भरला. पँटचा हूक सुटून समोरच्या आरशावर टणकन आपटला.

एकाची चूक असती तर एकाच्या पोटाला बोल लावता आला असता. बारा पोटं एका वर्षात एकदम वाढत नाहीत.

सासूबाईंनी निरोप धाडला आणि मास्तर डॉक्टरांना न जुमानता काळा चष्मा लावून आले. त्यांनी बारा जणांना एकदा न्याहाळलं, कारागिराच्या हातातली चिठ्ठी घेऊन नाकाला लावली आणि जावयाला पडद्यामागे बोलावलं.

"ठिपके कुठे आहेत?"

"कुठले ठिपके?"

"वहीतले. आकड्यांवरचे."

जावयाने खरं ते सांगितलं. त्या माश्या आहेत असं वाटलं म्हणून गाळल्या. मास्तरांनी चष्मा काढला, ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चष्मा परत घातला. मग तीस वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितली. माप घेताना गिऱ्हाईक वहीत डोकावतं. बेचाळीसची कंबर बेचाळीस लिहिली की त्याचा चेहरा पडतो आणि ते पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून कंबर तीन-चार इंच कमी सांगायची आणि छाती तीन-चार इंच जास्त. सांगितलं तेच लिहायचं, आणि खरं ते ठिपक्यांत ठेवायचं. डोक्यावरचे ठिपके मिळवायचे, पायाशी असलेले वजा करायचे. एक ठिपका, एक इंच.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मास्तर म्हणाले. "ती तुम्ही उघडून बसलात."

नक्कल करताना मूळ कागदावरची मेलेली माशीसुद्धा चिकटवणारा कारकून सगळ्यांना ठाऊक असतो. जावयाने शहाणपण करून माशी गाळली होती आणि घात नेमका तिथेच झाला होता. त्याला पहिल्यांदाच त्या कारकुनाबद्दल आदर वाटला.

बाहेर ढोलवाला तापला होता. माझी कंबर चौतीस आहे, वहीत मी डोळ्यांनी पाहिलंय, वही काढा, चिठ्ठी दाखवा, असं त्याचं चाललं होतं. पडद्यामागे दोघांनाही एकदमच उमगलं की वहीत चौतीस आहे, चिठ्ठीवर चौतीस आहे आणि पँटही बरोबर चौतीस आहे. आता टेप लावली की चौतीस नसलेली वस्तू एकच उरणार होती. आणि एका ढोलवाल्याला ते कळलं की संध्याकाळपर्यंत गावातल्या अकराशे चाळीस कमरा टेप शोधायला लागणार होत्या. मास्तरांचा हात पडद्यावर होता, पण तो पडदा बाजूला करत नव्हता. या माणसाला घाबरलेलं जावयाने कधी पाहिलं नव्हतं आणि ते त्याला बघवेना.

खरं सांगितलं असतं तर जावई वाचला असता. प्रोग्रॅमने दिलं तेच छापलं, प्रोग्रॅमला दिलं ते वहीतलं होतं, गोलमाल वहीतच होता. टेबल राहिलं असतं, दुकान गेलं असतं.

तो बाहेर आला, कारागिराच्या समोरून बाराही चिठ्ठ्या उचलून खिशात कोंबल्या आणि म्हणाला, "वही बरोबर आहे. माझ्या कॉम्प्युटरने एकाची मापं दुसऱ्याला लावली. प्रोग्रॅमच चुकीचा लिहिलाय मी. तुमच्या सगळ्यांच्या कमरा वहीत आहेत तेवढ्याच आहेत."

दोन महिने रात्रंदिवस जपलेल्या प्रोग्रॅमला बारा लोकांदेखत बिनडोक ठरवताना त्याला पोटच्या पोराला खोटं पाडल्यासारखं झालं. त्या बिचाऱ्याने एकही आकडा चुकवला नव्हता. ढोलवाला मात्र लगेच निवला. कॉम्प्युटरचं काही खरं नाही, असं म्हणून त्याने पोट आत घ्यायचा प्रयत्न सोडला. बँडप्रमुखांनी विचारलं की मग या पाहुण्यांना यंत्रावर बसवलं तरी कुणी? तेव्हा मास्तर पडद्याबाहेर आले.

"दुकानातल्या माणसाची चूक ती दुकानाची चूक," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी कपडे घेऊन जा."

मास्तर शिवणीच्या आत चांगलं बोटभर कापड सोडायला लावायचे, ते उपयोगी आलं. बारा पँटी उसवून सोडल्या, बारा कोट आत घेतले. जावयाने आयुष्यात पहिल्यांदा शिवण उसवली, दोनदा स्वतःचं बोट टोचून घेतलं. कार्यक्रमात बँडप्रमुखांनी असा काही श्वास भरला की पहिल्या रांगेतली माणसं मागे सरली, पण हूक जागचा हलला नाही.

शब्द तो शब्द. तिसऱ्या दिवशी सकाळी जावयाने कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या, त्याचा पडदा काखेत घेतला आणि माळ्याच्या शिडीला पाय लावला. मास्तर खाली बसून भिंगातून वही बघत होते.

"कुठे निघालात?"

"माळ्यावर. ठरलं होतं ना."

मास्तरांनी भिंग वहीवर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, त्या तुमच्या खिडकीत ठिपक्यांना जागा करता येईल का?

काम अर्ध्या तासाचं होतं. तक्त्यात प्रत्येक मापाला दोन नवे रकाने, मिळवायचे आणि वजा करायचे, आणि खिडकीत तसेच दोन जास्तीचे चौकोन. जावयाने त्याला दोन दिवस लावले, कारण गिऱ्हाईक आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर डोकावणार होतं. त्याने ठिपके असे बसवले की बघणाऱ्याला ती चौकोनाच्या कडेची नक्षी वाटावी. मास्तरांनी ते तीनदा पाहिलं आणि "हं" म्हणाले. त्यांच्या हिशेबाने हे पुष्कळ झालं.

मग सुरू झालं अकराशे चाळीस नोंदींचं काम पुन्हा पहिल्यापासून. मास्तर भिंगातून बघून ठिपके सांगायचे, जावई भरायचा. वही संपली की सासूबाई ती माळ्यावर नेऊन ठेवायच्या, यंत्रासाठी मोकळ्या केलेल्या जागेत. गावातल्या भल्या भल्यांची छाती जावयाच्या डोळ्यांदेखत ओसरत गेली. बँकेचे मॅनेजर तीन ठिपक्यांनी, दातांचे डॉक्टर चार ठिपक्यांनी. तो मनातल्या मनात खूप हसला. एकोणिसाव्या वहीत मास्तरांनी एक पान जरा घाईने उलटलं आणि म्हणाले, हे राहू द्या, याची गरज नाही.

जावयाने पान परत फिरवलं. वर त्याच्या लग्नाच्या महिन्याची तारीख होती. छाती अडतीस. अडतिसाच्या पायाशी चार ठिपके, त्यातला एकही माशीचा नव्हे.

त्याला आधी तयार शर्टांच्या कंपन्या आठवल्या आणि त्यांची माफी मागावीशी वाटली. मग वाईट वाटलं. तीन वर्षं जपलेला एकुलता एक चांगला शब्द खोटा निघाला होता, मॅनेजरला आणि दातांच्या डॉक्टरांना दिला तसाच. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की त्या दोघांना परत दुकानात आणायचं होतं म्हणून सांगितलं होतं. जावयाला दुसऱ्या दुकानात कुठे जायचं होतं? लग्नाच्या कोटाला परत गिऱ्हाईक येत नाही. तरी मॅनेजरपेक्षा त्याला एक इंच जास्तच दिला होता.

"चार?" त्याने हळूच विचारलं.

मास्तर उठले. गळ्यातली टेप काढून त्यांनी त्याला हात वर करायला सांगितलं, छातीभोवती टेप फिरवली आणि भिंग न लावताच आकडा वाचला.

"एकोणचाळीस," ते म्हणाले, आतल्या खोलीत बायकोला आणि सासूबाईंना, शिवाय रस्त्यावरच्या दोघा-तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात. आणि टेबलाखाली, फक्त जावयाला दिसेल असा, त्यांनी हात धरला. पाचही बोटं पसरलेली, जमिनीकडे.

वजाबाकीला कॉम्प्युटर लागला नाही. चौतीस तेव्हा होती, चौतीसच आता होती. वाढला होता तो इंच मास्तरांचा होता.

जावयाने छातीच्या चौकोनात एकोणचाळीस लिहिलं, खालच्या नक्षीत पाच ठिपके भरले, आणि चौतीस इंची छाती फुगवून सेव्हचं बटण दाबलं.