एझ्राचं बक्कल

क्लायड पेटिटच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नव्हती, बक्कलांना मात्र भरपूर होती. व्हर्जिनियातल्या जुन्या स्वयंसेवक पलटणींचे पट्टे आणि पितळी बक्कलं काचेच्या पेट्यांतून भिंतभर लावलेली. नव्हतं ते फक्त आपल्याच गावच्या पलटणीचं, नांगराचं चित्र असलेलं. त्या एका बक्कलापायी म्हातारा झुरत होता.

त्याच पलटणीतून त्याचे पणजोबा एझ्रा यादवी युद्धात गेले ते परतलेच नाहीत. घरच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे, खाली नुसती माती. थोरली बहीण व्हर्ना दर मे महिन्यात तिथे फुलं ठेवायची आणि म्हणायची, "मी डोळे मिटायच्या आत त्यांना घरी आण रे, क्लायड. नाहीतरी रानोमाळ उकरत हिंडतोसच!"

ओढ्याकाठच्या शेतात नवी घरं होणार होती. बुलडोझर यायच्या आदल्या दिवशी क्लायड तिथे जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टर घेऊन गेला. हातभर खाली नांगराचं बक्कल लागलं! आणि त्याच्या वरच्या अंगाला, सरळ ओळीत, कोटाची बटणं. बटणं अशी ओळीने लागली की खाली माणूस आहे, हे उकरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. तिथे हात थांबवायचा, माती लोटायची आणि शेरीफला कळवायचं. पण कळवलं असतं तर बक्कलही गेलं असतं. हाव फार वाईट. क्लायडने बक्कल खिशात घातलं, खड्डा बुजवला आणि मुकाट घरी आला.

अशा बक्कलांच्या पाठीत शिसं ओतलेलं असतं; दोन दिवसांनी ते पुसताना त्यावर खिळ्याने कोरलेलं नाव दिसलं. एझ्रा पेटिट.

तो गाडी काढून सुसाट सुटला. ओढ्याकाठी सगळं सपाट झालं होतं.

"इथली माती कुठे गेली?" त्याने ट्रकवाल्याला विचारलं.

"गेली की हायवेच्या भरावात, आजोबा. का, काही हरवलंय?"

बक्कल हातात घेऊन व्हर्ना ढसाढसा रडली. "कुठे मिळालं रे?"

"जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात. विकत घेतलं."

तिने नावावरून बोट फिरवलं. "म्हणजे कुणा हरामखोराने हे त्यांच्या अंगावरून ओरबाडलं आणि त्यांना तिथेच टाकलं."

क्लायडने बक्कल घ्यायला हात पुढे केला, पण तिने ते मुठीत घट्ट धरलं.

"त्या मेल्याला गाठ. ते कुठे पडलेत हे त्यालाच ठाऊक असणार. शिव्या नको देऊस, पाया पड हवं तर. शोधशील ना त्याला?"

"शोधतो," क्लायड म्हणाला.