तिरका काप

मळेकऱ्याने काठी बाकाला टेकवली, गाजराच्या बियाण्याचं रिकामं पाकीट खिशातून काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलेली चार वाक्यं तिसऱ्यांदा मनातल्या मनात म्हणून पाहिली. तिसऱ्या वाक्यात 'गुडघा' दोनदा आला होता. त्याने एक खोडला. मग उरलेला गुडघा एकटाच फार केविलवाणा दिसायला लागला, म्हणून खोडलेला पुन्हा लिहिला.

"झालं का?" बायकोने विचारलं.

"बसलोय जरा. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण शहराच्या या मधल्या भागात बसण्याचीच सोय जास्त होती. गाड्यांना इथे बंदी होती, रस्ते सपाट फरशीचे होते आणि दर शंभर पावलांवर एक बाक होता. प्रत्येक बाकाशेजारी नगरपालिकेने पाटी लावली होती : 'सावकाश चाला, शहर आपलंच आहे.' मळेकऱ्याच्या मते सावकाश चालायला त्याला नगरपालिकेच्या परवानगीची गरज नव्हती. ऑपरेशन झाल्यापासून चार महिने तो दुसरं काही करतच नव्हता. शहर आपलं असल्याबद्दल मात्र त्याला शंका होती, कारण आपली गाडी त्यांनी एक किलोमीटर मागेच ठेवायला लावली होती.

जायचं होतं ते एका रेस्टॉरंटमध्ये. तिथे फक्त जवळपासच्या मळ्यांतला माल शिजवत, आणि तो कुठल्या मळ्यातला हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगत. मळेकऱ्याची गाजरं नऊ वर्षं तिथे जात होती. वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, रेस्टॉरंटची शेफबाई प्रत्येक मळेवाल्याला जोडीने जेवायला बोलवायची आणि पुढच्या हंगामाचं ठरवायची. आज ठरवायचं काहीच नव्हतं. पाकिटावरची चार वाक्यं म्हणायची, पाचव्या वाक्यात आभार मानायचे, आणि मळा बंद. पेरणी तीन आठवड्यांवर आली होती आणि त्याला अजून धड उकिडवं बसता येत नव्हतं.

बायकोने हे सगळं घरी ऐकून घेतलं होतं. बंद करू नका, असं ती म्हणाली नव्हती. तुम्हाला सांगायचंच असेल तर सांगा, पण आधी जेवा, एवढंच म्हणाली होती. एकतीस वर्षांच्या संसारात तिने कुठलाही मोठा वाद जेवणाआधी घातला नव्हता आणि म्हणूनच ती बहुतेक वाद जिंकली होती.

ते उठले. घड्याळजी, पुस्तकांचं दुकान, मग सुऱ्या-कात्र्यांचं दुकान. तिथल्या काचेसमोर बायको थांबली. आतमध्ये निळ्या कापडावर सुऱ्या ओळीने मांडल्या होत्या आणि एका कोपऱ्यात चार सुऱ्या वेगळ्या ठेवून शेजारी कार्ड उभं केलं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं. मळ्यातल्या सुरीला धार एकाच बाजूने असते, ती उजव्या हाताच्या हिशेबाने. डाव्या हातात तीच सुरी तिरकी सरकते. सबब डावखुऱ्यांसाठी वेगळी सुरी.

"आता डावखुऱ्यांच्या वेगळ्या सुऱ्या," मळेकरी म्हणाला. "उद्या डाव्या पायाचे वेगळे मोजे काढतील. चल."

बायको आणखी थोडा वेळ काचेत बघत राहिली. मग चालायला लागली.

रेस्टॉरंटमधली टेबलं जुन्या दारांची होती. आपल्या टेबलाला कडी अजून शाबूत आहे, हे मळेकऱ्याने बसताच पाहून घेतलं. टेबल डुगडुगत होतं. दारच ते, त्याला उभं राहायची सवय, आडवं पडून काम करायची कुठून असणार? भिंतीवर मळेवाल्यांचे फोटो लावले होते. त्यात हातात टोपली घेतलेला तो स्वतःही होता आणि नुकताच पकडला गेल्यासारखा दिसत होता. मेनू खाकी कागदावर छापलेला होता आणि प्रत्येक पदार्थापुढे मळ्याचं नाव आणि अंतर होतं. गाजरापुढे लिहिलं होतं : अठरा किलोमीटर.

"सतरा," तो म्हणाला.

"असू द्या हो," बायको म्हणाली.

वाढणारी बाई आली आणि त्यांना जेवणाची ओळख करून द्यायला लागली. पाव इथेच भाजलेला. लोणी टेकडीपलीकडच्या गाईंचं. त्या गाई दिवसभर बाहेर असतात आणि समाधानी आहेत. मळेकऱ्याने या गाईंना पाहिलं होतं. समाधानाचा विषय त्यांनी त्याच्यापाशी कधी काढला नव्हता. पण त्याने मान डोलावली. तिथे सगळेच मान डोलावत होते.

मग गाजरं आली. मोठ्या पांढऱ्या बशीत पाच गाजरं आणि भरपूर जागा. घरी कुणाला असं वाढलं असतं तर त्याने घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारलं असतं. गाजरं अख्खी भाजलेली होती आणि वर पाल्याचे देठ दोन बोटं तसेच ठेवले होते, म्हणजे ती मातीतून आली आहेत यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा.

दोन बोटं ही मळ्याचीच रीत. वडिलांनी घालून दिलेली. गाजर उपटलं की माती झटकायची, पाला मुठीत धरायचा आणि दोन बोटं देठ ठेवून सरळ कापायचा. तिरका काप दिसला की वडील अख्खी पेटी उलटी करत. सरळ कापाला पाणी धरत नाही, तिरक्याला धरतं, असं ते म्हणत. ते खरं होतं की नाही, हे विचारायची हिंमत दोघांपैकी कुणाला झाली नाही.

दोघं म्हणजे तो आणि त्याचा धाकटा भाऊ. मळ्याचे दोन भाग होऊन बरीच वर्षं झाली होती आणि बोलणं बंद होऊन अकरा. भांडण खताच्या ढिगावरून झालं होतं. ढीग हद्दीच्या अलीकडे होता की पलीकडे. आता ढिगाची केव्हाच माती झाली होती, त्यावर गवत उगवलं होतं, पण भांडण ताजं होतं. घरात धाकट्याचा उल्लेख 'शेजारचे' असा व्हायचा.

मळेकऱ्याने काटा उचलला आणि तसाच धरून ठेवला. त्याने बशी थोडी फिरवली. मग आणखी थोडी. पाचही देठांचे काप तिरके होते. पाचही एकाच बाजूला उतरलेले.

चव त्याच्याच गाजराची होती. वाफा त्याचा, बियाणं त्याचं, ऑपरेशनच्या आधी त्याने स्वतः पेरलेलं. त्यानंतर तो मळ्यात गेला नव्हता, कारण उंचसखल जमिनीवर पाय टाकायची मनाई होती आणि निजायच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडत होती. बायकोने सांगितलं होतं, एक गडी मिळालाय. कामाला बरा आहे, बोलत नाही, आणि तुम्ही उठायच्या आत येऊन जातो. मग चार महिने मळेकऱ्याने पलंगावरून मळा चालवला होता. गड्याला सांग, ओळीत उलटा चाल. गड्याला सांग, ओल असेल तर हात लावू नको. आणि एकदा पेटीतली गाजरं तुटलेली निघाली तेव्हा, सांग त्या गाढवाला, गाढव आहेस म्हणावं, शुद्ध गाढव. शब्दन् शब्द सांग.

त्याने काटा खाली ठेवला.

"हा गडी डावखुरा आहे," तो म्हणाला.

बायको पाव मोडत होती. ती मोडत राहिली. "आहे."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी लोण्याचं कौतुक करत होतं. मळेकऱ्याने पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही, परत ठेवला. टेबल डुगडुगलं आणि पाणी हिंदकळलं.

मग बायकोने सांगितलं, आवाज न चढवता, जणू कुणा तिसऱ्याच घरातली गोष्ट. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी धाकटी जाऊ कुंपणापाशी आली होती. गुडघा कसा आहे, विचारायला. तिच्या मागे भाऊजी उभे होते, पण पाठ करून, म्हणजे ते आले होते असं कुणाला म्हणता येऊ नये. जाताना पाठमोऱ्यानेच त्यांनी विचारलं, सुऱ्या अजून शेडमध्ये त्याच खिळ्यावर असतात ना? दुसऱ्या दिवशी सहा वाजता ते वाफ्यात होते. ढिगावरून उतरूनच आले, म्हणजे हद्द तिथे कुठेतरी ओलांडली गेलीच. अट एकच होती, थोरल्याला कळता कामा नये.

"मी त्याला गाढव म्हणालो."

"तीनदा."

"आणि ते तू सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, शब्दन् शब्द सांग."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाले, बाबा चारदा म्हणायचे."

मळेकऱ्याने मान खाली घातली. मग त्याने टेबलावरची सुरी डाव्या हातात घेऊन एका देठावर ठेवली, थोडी दाबली, आणि ती कुठल्या बाजूला जाते ते पाहिलं. शेडमधल्या खिळ्यावरच्या चारही सुऱ्या वडिलांच्या होत्या, सगळ्यांची धार एकाच, उजव्या हाताच्या बाजूला. वडील पेटी उलटी करत तेव्हा दहा वर्षांचा धाकटा मातीत बसून एकेक गाजर परत भरायचा, कान लाल करून. थोरला कठड्यावर बसलेला असायचा. त्याची पेटी केव्हाच भरलेली असायची. तो हसायचा.

त्याने गाजर खाल्लं. पहिलं, दुसरं, मग तिसरं. तिरका देठ तेवढा प्रत्येक वेळी बशीच्या कडेला काढून ठेवला. बायकोने उरलेली दोन घेतली.

"चांगली झालीत," तो म्हणाला.

"भाजलीत चांगली," बायको म्हणाली.

"पिकवलीतही."

आतून शेफबाई निघालेली दिसली. प्रत्येक टेबलापाशी थांबत, हात पुसत, ती त्यांच्याच दिशेने येत होती. बायकोने मांडीवरचा रुमाल नीट केला, मग पुन्हा नीट केला. मळेकऱ्याने खिशात हात घालून बियाण्याचं पाकीट बाहेर काढलं. त्याची दोनदा घडी घातली, वाकला, गुडघा ऐकत नव्हता म्हणून आणखी वाकला, आणि ते टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. हाताने टेबल हलवून पाहिलं.

शेफबाईने नमस्कार केला, तब्येत विचारली आणि टेबल डुगडुगतंय का, विचारलं.

"आता नाही," मळेकरी म्हणाला.

ती म्हणाली, हिवाळ्यात इतर मळ्यांनी दगा दिला, पण तुमची गाजरं एकही गुरुवार चुकली नाहीत. तुमचा माणूस बरोबर साडेसातला पेट्या घेऊन दारात. सज्जन माणूस आहे, पण काही घेत नाही. एकदा थंडी फार होती, आत या, कॉफी घ्या म्हटलं, तर म्हणाला, उशीर झाला तर मालक ओरडतो.

"ओरडतो," मळेकऱ्याने कबूल केलं.

"मग पुढच्या हंगामाचं काय?" तिने विचारलं. "तुमचं काही ठरलंय का? गुडघ्याचं कळलं मला. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजू शकते."

बायको भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती.

मळेकऱ्याने बशीच्या कडेचा एक देठ उचलून शेफबाईपुढे धरला. "हे काप बघा. तिरके आहेत."

शेफबाईने वाकून पाहिलं आणि तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. कुणीच तक्रार केली नाही, असं ती म्हणाली. उलट लोकांना आवडतं. हाताने केल्यासारखं वाटतं.

"हातानेच केलंय," तो म्हणाला. "पण पुढच्या हंगामात सरळ येतील."

शेफबाईने खाकी कागदाच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या टेबलाकडे गेली. बायकोने रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. जेवण झालं होतं, वाद घालायला आता हरकत नव्हती, पण वाद शिल्लक नव्हता.

परत जाताना तो बाकांवर बसला नाही. पहिला बाक गेला, दुसरा गेला. बायको त्याच्या काठीच्या बेताने चालत होती. सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानाशी आल्यावर त्याने काठी तिच्या हातात दिली आणि दार ढकललं. ती बाहेरच थांबली, काचेपाशी.

दुकानदार चष्मा पुसत पुढे आला. मळेकऱ्याने कोपऱ्यातल्या चार सुऱ्यांकडे बोट दाखवलं, मग पाला कापायची, आखूड पात्याची म्हणून एक निवडली. धार कुठल्या बाजूला आहे, ती अंगठ्याने पाहिली. डाव्या हातात धरली. हातात ती नीट बसेना, म्हणजे बरोबर होती.

"आपण डावखुरे का?" दुकानदाराने विचारलं.

"मी नाही. धाकटा भाऊ."

हे शब्द म्हणताना त्याने घसा साफ केला. बरेच दिवस बंद असलेलं दार उघडण्याआधी माणूस कडी हलवून बघतो, तेवढाच.

दुकानदाराला भेटवस्तूंची आवड होती. त्याने ड्रॉवरमधून निळा कागद आणि पांढरी फीत काढली, आणि छान बांधून देऊ का, म्हणून विचारलं.

"बांधू नका," मळेकरी म्हणाला. "उद्या सकाळी सहाला लागणार आहे."