मेरिमच्या वाट्याची जीभ

उमसुनाईच्या फ्रीझरचा सगळ्यात खालचा खण मेंढ्यांच्या जिभांनी भरलेला होता. मूल बोलायला उशीर करत असेल तर त्याला मेंढीची जीभ खाऊ घालावी, हे गावातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला ठाऊक होतं, आणि गावात शहाण्या माणसांना तोटा नव्हता. उमसुनाईची नात मेरिम पाच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. त्यामुळे लग्न असो, पाळणा असो की मयत, कुठेही मेंढा कापला की त्याची जीभ फडक्यात गुंडाळून उमसुनाईच्या दारात येई. उमसुनाईने ती उकडून पाहिली, कुटून पाहिली, शेवयांच्या थराखाली दडवून पाहिली. मेरिम सीमेवरच्या जकात अधिकाऱ्याच्या शांतपणाने माल हुडकून काढी आणि ताटाच्या कडेला लावून ठेवी.

उमसुनाई हार मानणारी बाई नव्हती. जुन्या राजवटीत ती सामुदायिक शेतावर मेंढपाळांच्या तुकडीची प्रमुख होती, आणि ती राजवट संपल्याचं तिला अजून कुणी रीतसर कळवलं नव्हतं. मुलगा दूर परदेशात, कझानला बांधकामावर. घरात ती, सून कुंदुझ आणि मेरिम. तिघींपैकी एक बोलत नव्हती आणि दुसरीला बोलायला जागा मिळत नव्हती.

त्या दुसरीने, म्हणजे कुंदुझने, वसंत ऋतूत एके दिवशी भाकरी भाजता भाजता सासूला सांगितलं, "आपा, काराकोल शहरात आईबापांची एक संस्था आहे. न बोलणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी. दर शनिवारी जमतात. मी मेरिमला घेऊन जाते आहे."

"तिथे काय देतात? औषध?"

"चित्रं देतात."

उमसुनाईने सुनेकडे असं पाहिलं, की समोरची भाकरी जरा जास्तच भाजली गेली. पुढच्या शनिवारी डोक्याला नवा रुमाल बांधून तीसुद्धा गाडीत बसली. ही फसवणूक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायची होती.

संस्था म्हणजे दवाखान्यामागच्या जुन्या धोबीखान्यातली एक खोली होती. एक गालिचा, उसनी न्यायच्या खेळण्यांची एक पेटी, चहाची किटली आणि भिंतीला टेकून बसलेले आईबाप. आपलंच मूल जगावेगळं असा सगळ्यांचा समज, आणि तो समज इथे येऊन दर आठवड्याला खोटा ठरत असल्यामुळे सगळे बऱ्यापैकी आनंदात. वेरा सेर्गेयेव्ना ही तिथली प्रमुख. स्वतःचा मुलगा न बोलता मोठा झाला, त्याच्यासाठी शिकता शिकता ती गावोगावच्या लोकांना शिकवू लागली होती.

"उमसुनाई-आपा, मेरिमला तहान लागली हे तुम्हाला कसं कळतं?"

"पेल्याकडे बघते. लगेच देते मी."

"बाहेर जायचं असेल तर?"

"दाराकडे बघायच्या आधीच मी बूट घालते तिला." हे सांगताना उमसुनाईची मान ताठ झाली.

"मग तिने बोलायचं कशाला?" वेराने विचारलं. "सगळी कामं तर होतायत."

उमसुनाईने नव्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. वेराने तिला मेरिमसमोर गालिच्यावर बसवलं. दोघींमध्ये एक पेला आणि पेल्याच्या फोटोचं एक कार्ड ठेवलं. अट एकच. मेरिम काहीतरी करेपर्यंत आजीने बोलायचं नाही, हलायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही.

उमसुनाईने डोंगरात लांडगे हाकलले होते, पण इतकं अवघड काम तिच्यावर कधी आलं नव्हतं. तिचा हात आपोआप पेल्याकडे निघाला आणि वेराने तो मागे सारला. कोपऱ्यातला एक बाप दुसऱ्याला कुजबुजला, "फुटतेय बघ आता." पण ती फुटली नाही. मेरिमने आजीकडे पाहिलं. आजीला काय झालं, म्हणून पुन्हा एकदा पाहिलं. मग कार्ड उचललं आणि आजीच्या तळहातावर ठेवलं.

उमसुनाईने पेला दिला आणि डोळे पुसले. "धूर आहे इथे," ती म्हणाली. धूर नव्हता. सगळ्यांनी आहे म्हटलं.

महिन्याभरात कुंदुझने घरचीच कार्डं केली: चहा, भाकरी, झोका, घोडा, आणि आपा म्हणजे आजी. आपाचा फोटो रुमाल सरळ करून तीनदा काढावा लागला. शिवाय एक लाल पंजा. तो म्हणजे 'नको'. सगळी कार्डं एका पट्टीवर चिकटवून ती मेरिमच्या गळ्यात अडकवली. जिभा मात्र फ्रीझरमध्येच राहिल्या. उमसुनाई एका वेळी एकच राजवट बदलू शकत होती.

मग घरी शेरिने भरवायची पाळी आली. गावातल्या बाया महिन्याला एकेकीच्या घरी जमत, मटण खात, आणि हजर नसलेल्यांबद्दल बोलत. यंदा घर उमसुनाईचं होतं. आदल्या दिवशी सगळ्यांत थोरली सालकिन, जिला सगळ्या मानाने 'एजे' म्हणत, कुंपणापाशी थांबली.

"अगं उमसुनाई, उद्या पोरीला आतल्या खोलीत ठेव हो. बायका बघतात, हळहळतात, जेवण गोड लागत नाही."

"मेरिम माझ्या शेजारी बसेल, एजे."

"माझा नातू एरकिनबेक नाही का, तीन वर्षांचा झालाय, बोलत नाही. पण मुलगे उशिराच बोलतात. त्याला मी बसवते का चारचौघांत?"

उमसुनाईला रात्रभर एकच गोष्ट टोचत राहिली. आतली खोली. तिथे ठेवलेली अशीच एक न बोलणारी बाई तिने लहानपणी पाहिली होती, शेजारच्या घरात. तिच्यासमोर लोक तिच्याबद्दल असं बोलत, जसं कपाटाबद्दल बोलावं. मेरिमचं कपाट होऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दस्तरखान अंथरला गेला. बोरसोकांचा, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचा ढीग, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. कुंदुझ पेले भरत होती. मेरिम गळ्यात पट्टी अडकवून आजीच्या मांडीला टेकून बसली. बायांनी पाहिलं, हळहळल्या आणि बोरसोक खाऊ लागल्या. जिच्या तिच्या मानाप्रमाणे हाडं वाटली गेली. सालकिनपुढे थोरलीचा वाटा आला. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात सालकिनने आपल्या पिशवीतून फडकं काढलं.

"माझ्या स्वतःच्या मेंढ्याची आहे. आज मीच भरवते पोरीला. माझ्या हाताला गुण आहे."

थोरल्या माणसाने स्वतःच्या हाताने भरवलेला घास म्हणजे आशीर्वाद. तो नाकारणं म्हणजे घराचा अपमान, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या आठवला जातो. सालकिनने जिभेचा जाडजूड तुकडा उचलला. बाया पुढे सरसावल्या. "आ कर ग राणी!" "तोंड उघड!" "थोरल्यांचा हात आहे तो!"

मेरिमने तोंड मिटलं. कुंदुझच्या हातातली चहाची धार पेल्याबाहेर गेली. उमसुनाईचा हात निघाला. पोरीची हनुवटी धरून घास आत ढकलावा, एका क्षणाचं काम, सालकिन-एजेचा मान राहील, घराचं नाव राहील. हात अर्ध्या वाटेवर होता तेव्हा मेरिमने पट्टीवरून लाल पंजा काढला आणि सालकिनच्या मोकळ्या हातात ठेवला.

सालकिनने पंजा उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय?" सालकिनने विचारलं.

उमसुनाईने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि वर दुसरा हात दाबला. "ती नको म्हणतेय, एजे."

"मला?"

"तुम्हाला."

सालकिनला त्या गावात कुणी नको म्हटलेलं नव्हतं. नवरा एकदा म्हणणार होता, पण तो आधीच वारला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "लहान आहे, तिला काय कळतंय—"

"कळतंय," उमसुनाई म्हणाली. "दोन वर्षं ती मला हेच सांगत होती. मीच ऐकत नव्हते. आता सगळ्या जरा गप्प बसा. तिचं बोलणं संपलेलं नाही."

शेरिनेच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडली. बाया गप्प बसल्या. मुरंब्यावर माशी फिरत होती, तिचा आवाज ऐकू आला. उमसुनाई बोलली नाही, हलली नाही, तिने भुवईसुद्धा उचलली नाही. मेरिमने पट्टीवर बोट फिरवलं. चहावरून भाकरीवर, भाकरीवरून घोड्यावर. मग रुमालवाला फोटो काढला आणि तोही सालकिनच्या हातात दिला. सालकिनने फोटोकडे पाहिलं, मग उमसुनाईकडे पाहिलं. तिला अजून उमगलेलं नाही हे बघून मेरिमने स्वतःच तिच्या बोटांतून जिभेचा तुकडा घेतला आणि आजीच्या तोंडात कोंबला.

"हिला?" सालकिन ओरडली. "हिला कशाला आणखी जीभ?"

एक बाई हसली. मग सगळ्याच. कुंदुझ तर पदर नसल्यामुळे किटलीमागे तोंड लपवून हसली. उमसुनाई चावत होती, तुकडा मोठा होता, उत्तर देता येत नव्हतं. मेरिमने ती संधी साधून झोक्याचं कार्ड काढलं आणि आईला दिलं. दोघी अंगणात गेल्या. झोक्याच्या साखळीची करकर जेवण संपेपर्यंत ऐकू येत होती.

निघताना सालकिनने दारात बूट घालायला फार वेळ लावला. बाकीच्या पुढे गेल्यावर तिने लाल पंजा खिशातून काढून परत केला.

"शनिवारी त्या गाडीत जागा असते का?"

"करू की, एजे."

"मला काही नको आहे. एरकिनबेकला नुसती हवा पालटायला."

"हवा चांगली आहे तिथली. फक्त थोडा धूर असतो."

सालकिन गेली. उमसुनाईने फ्रीझरचा खालचा खण उघडला, सगळ्या जिभा बाहेर काढल्या आणि कुंदुझला हाक मारली. आता शनिवारी धोबीखान्यातल्या मंडळींना चांगलं कुउरदाक, कांद्यात परतलेलं मांस, मिळणार होतं, मोठ्यांना. मुलांना विचारून.

मेरिम झोक्यावरून आली, तिने पेल्याकडे पाहिलं. उमसुनाई किटलीजवळच होती. ती कार्डासाठी थांबली. मोठ्या कष्टाने, पण थांबली.