राखीच्या केसांतली फणी

मी एक जुनी लाकडी फणी आहे आणि मला राग आलेला आहे. गोड बोलणं आज मला जमणार नाही, मित्रांनो.

रंगराव नावाच्या कारागिरानं बारीक करवतीनं एकेक दात पाडून मला घडवलं. पोहरादेवीच्या यात्रेत मेडशीकडच्या एका खेड्यातल्या रत्नमालेनं मला विकत घेतलं. तिच्या मुलीच्या, राखीच्या केसांतून मी फिरले की एक ऊ शिल्लक राहत नसे. शेजारणीसुद्धा मला मागून नेत.

राखी नऊ वर्षांची झाली, त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला माझ्या दातांत पांढरे, अभ्रकासारखे चमकणारे पापुद्रे अडकू लागले. "कोंडा असन," म्हणत रत्नमाला मला अधिकच जोरानं फिरवू लागली.

दिवाळीनंतर राखीला फिटचे झटके आले. वाशीमच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि झटके थांबले. संक्रांतीला मात्र तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल, जाड चट्टे उठले. वर पांढरी खपली.

गावातल्या औषधाच्या दुकानदारानं, पंजाबरावानं, काउंटरपलीकडूनच पाहिलं. "झटक्याच्या गोळीचं रिअॅक्शन हाये हे. आजपासून बंद करा."

ना त्यानं हात लावून पाहिलं, ना काही विचारलं. घरी गिरजाबाईंनी, म्हणजे आजीनं, नातीचं ताट वेगळं केलं. "लागट हाये ते, आपल्यालेबी होईन," म्हणत मलाही एका डब्यात कोंबलं. शाळेत राखीच्या बाकावर कोणी बसेना.

गोळी बंद केल्याच्या नवव्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांवर तिला झटका आला. कपाळाला चार टाके पडले. मी डब्यात नुसती धुमसत होते.

वाशीमच्या डॉक्टरांनी तिला लगेच त्वचेच्या डॉक्टर शुभांगीताईंकडे पाठवलं. रत्नमालेनं मलाही डब्यातून काढून पिशवीत टाकलं होतं. ताईंनी राखीचं तोंड उघडून पाहिलं, डोळे पाहिले, ताप पाहिला. मग नखं उजेडात धरली. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खळगे होते.

"गोळी कधी सुरू झाली?"

"दिवाळीनंतर."

"आणि त्वचेचा त्रास?"

"चट्टे संक्रांतीले उठले. पण डोक्यातले पापुद्रे तं पोळ्यापासून हायेत!" रत्नमालेनं मला काढून टेबलावर आपटलं. "याच फणीनं काढून राह्यली होती मी. मले कोणी इचारलंच नाही!"

"म्हणजे गोळीच्या आधीपासून," ताई म्हणाल्या. "हा सोरायसिस आहे. लहान मुलांनाही होतो आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. गोळीची रिअॅक्शन बहुधा गोळी सुरू केल्यावर थोड्या दिवसांत, फार तर काही आठवड्यांत येते. ताप, तोंडात फोड, सोललेली कातडी असं दिसलं तर तडक दवाखाना गाठायचा. पण आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. आणि ही फणी बंद करा. खरडलं की चट्टे वाढतात."

ते ऐकून माझा अर्धा राग माझ्यावरच उलटला. इतके महिने मी त्या पोरीचं डोकं ओरबाडत होते.

परतताना रत्नमाला एसटीतून उतरली ती थेट दुकानात गेली. राखीचं कपाळ तिनं पंजाबरावासमोर धरलं.

"पाहा. हे तुमच्या रिअॅक्शनचं रिअॅक्शन हाये."

"मी तं चांगल्यासाठीच सांगतलं, बाई..."

"माहीत नसन तं 'माहीत नाही' म्हणा नं! तेवढं म्हणायले काय जाते?"

 घरी आल्यावर तिनं सासूच्या देखत लेकीला आपल्या ताटात जेवायला बसवलं. गिरजाबाईंनी वाटीतला गुळाचा खडा राखीच्या हातावर ठेवला.

आता गोळी पुन्हा सुरू आहे आणि मलमानं चट्टे फिके पडत आहेत. राखीसाठी विरळ दातांचा मऊ कंगवा आला आहे आणि मी खिडकीत पडून असते. त्याचं मला काही वाटत नाही. पण तिच्या वर्गातल्या मित्रांनो, शाळेतला तिचा बाक अजून अर्धा रिकामाच आहे. उद्या सकाळी तुमच्यापैकी कोणीतरी तिथं जाऊन बसा.