वहिनीच्या नखावरची रेघ

मी एक कानस. लोखंड घासून ठिणग्या पाडणारी नव्हे. त्या माझ्या दांडग्या बहिणी, त्यांची नि माझी ओळखसुद्धा नाही. मी वीतभर लांब, बोटभर रुंद, एका अंगाने खरखरीत, दुसऱ्या अंगाने मऊ. पार्लरमध्ये मला ‘फाईल’ म्हणतात. माझं काम नखं घासायचं, आणि तीही बहुतेकदा खोटी.

कारखान्यातून निघाले ती थेट चिमूच्या पार्लरमध्ये आले. पार्लर कसलं, शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. खिडकीशी टेबल, दोन खुर्च्या, मान वाकवता येणारा दिवा आणि नाकात बसणारा पावडरीचा वास. एका बाईची फाईल दुसरीच्या बोटाला लावायची नाही, हा चिमूचा नियम. मला तिने पाकिटात घातलं आणि वर लिहिलं, ‘वहिनी’.

वहिनी म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको. तिचे हात इतके देखणे की अंगठ्यांच्या जाहिरातींत तेच असायचे. फक्त हात. चेहरा कधीच नाही.

खोट्या नखांची एक पीडा असते. खालचं खरं नख वाढत राहतं, खोटं पुढे सरकतं आणि मुळाशी जागा रिकामी पडते. ती द्रवात कालवलेल्या, वाळून घट्ट होणाऱ्या पावडरीने भरून घ्यावी लागते. पण जुन्या थराची कड तशीच ठेवून वर नवा थर चढवला, की मध्ये पायरी राहते आणि फिक्या रंगाखालून रेघ होऊन डोकावते. चिमू ती कड माझ्याकडून इतकी पातळ करून घ्यायची की जुनं कुठे संपलं ते अंगठा फिरवूनही कळू नये. कड सुटलेली असेल, तर सुटलेला भाग निघाल्याशिवाय ती पावडरीला हात लावायची नाही. मग नवा थर, आणि शेवटी माझी मऊ बाजू.

एकाएकी वहिनी यायची बंद झाली. मी ड्रॉवरमध्ये चिमट्यांखाली पडून राहिले. ड्रॉवर आवरताना चिमू मला कचऱ्याच्या डब्यापर्यंत न्यायची आणि का कोण जाणे, परत आणून ठेवायची.

आणि एका सकाळी दार उघडलं.

“वेळ आहे का तुम्हाला?”

आवाज वहिनीचा. पण ‘तुम्हाला’? लहानपणापासून पाहिलेल्या नणंदेला ती ‘अगं चिमू’ म्हणायची. आमच्याकडे ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं, की समजावं पाणी कुठवर आलंय.

“बसा,” चिमूही तेवढ्याच कोरडेपणाने म्हणाली.

वहिनीने हात टेबलावर ठेवले. ती दुसऱ्या पार्लरमध्ये जात होती, आणि दहाही नखांवर रेघ उमटली होती. “फोटोवाल्याने परत पाठवलंय. दुपारी अंगठीचा फोटो आहे. रेघ गेली नाही, तर दुसरी मुलगी बसलीच आहे तिथे.”

चिमूने ड्रॉवर उघडून मला काढलं. पाकिटावरचं अक्षर वहिनीने पाहिलं.

डाव्या हाताची नखं निमूट साधली. उजव्या हाताच्या अनामिकेवर मी जेमतेम टेकले, तोच वहिनीने बोट झटक्याने मागे घेतलं. “आई गं!”

चिमूने दिवा खाली ओढला. थराची कड सुटली होती आणि तिच्याखाली खरं नख लालसर दिसत होतं. त्या दुसऱ्या पार्लरमधल्या घासायच्या मशीनने ते कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ करून ठेवलं होतं. कड काढायला मी फिरले असते, तर नख संपून मांस लागलं असतं. फिरले नसते, तर रेघ राहिली असती.

“हे मी घासणार नाही,” चिमू म्हणाली.

“घासा.”

“वहिनी, नख फाटेल.”

“हात माझा आहे.”

“फाईल माझी आहे.”

वहिनीने मला चिमूच्या हातातून हिसकावलं आणि स्वतःच चालवायला लागली. मला थांबता येत नाही हो. हात नेईल तिकडे मी जाते. दोन फटक्यांत नख तापलं. तिचे ओठ दातांखाली गेले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात चालूच. चिमूने झडप घालून तिचं मनगट धरलं.

“वेडी झालीस का? एका फोटोसाठी?”

“हो, एका फोटोसाठी!” वहिनी कडाडली. “त्या दिवशी घरात सगळ्यांसमोर म्हणालीस ना, हिचे हात काचेच्या कपाटात ठेवा, भांड्याला लागले तर विटाळतील? सगळे हसले. तुझा दादाही हसला. अगं, बाहेर मला बोलावतात ते या हातांमुळे. तेवढं एकच काम माझं स्वतःचं आहे. तेही आज जाणार.”

चिमूने मनगट सोडलं नाही.

“मी गंमत म्हणून बोलले,” चिमू हळूच म्हणाली. “तुला लागेल हे कळायला हवं होतं. चुकलं माझं.”

वहिनीने नाक ओढलं. मला टेबलावर ठेवलं. “आता काय करायचं ते कर.”

बाकीची नखं चिमूने माझ्याकडून सफाईने करून घेतली. अनामिकेवरचं खोटं नख मात्र तिने औषधात भिजवून, वाट पाहून, अलगद उतरवलं. नऊ नखं आरशासारखी आणि मध्ये एक उघडं, आखूड, दुखरं, नवा थर न पेलणारं. “मी येते बरोबर,” म्हणत तिने मला पिशवीत टाकलं.

फोटोवाल्याने हात उलटसुलट पाहिला. माणूस वाईट नव्हता; पण अंगठी त्याच बोटात घालायची होती. “पुढच्या वेळी बघू,” म्हणाला. दुसरी मुलगी उठून दिव्याखाली गेली.

रस्त्यावर आल्यावर वहिनी म्हणाली, “चिमू, सकाळपासून पोटात काही नाही गं. चल, काहीतरी खाऊ.” आणि चिमू, जी एवढा वेळ दगडासारखी उभी होती, ती भर रस्त्यात रडली.

पुढचं बोलावणं यायला फार दिवस गेले. मधल्या काळात वहिनी खोटी नखं न लावताच पार्लरमध्ये येऊन बसायची. खरं नख मुळापासून हळूहळू वर सरकताना दोघी खिडकीशी बघायच्या. मग एकदा चष्म्याच्या जाहिरातीसाठी हात हवे होते. त्यासाठी भरलेली ती नखं माझं शेवटचं मोठं काम. रेघ? शोधून दाखवा.

आता माझे कण झडलेत, कडा मऊ पडल्यात. बोथट फाईल जास्त जोराने दाबावी लागते आणि त्यानेच इजा होते, म्हणून चिमू मला उद्या टाकणार. टाकायलाच हवं; माझी तक्रार नाही.

जाताना एवढंच सांगते, बायांनो. खुर्चीत बसलात आणि नख तापल्यासारखं वाटलं, तर भिडेपोटी दात आवळून बसू नका. बोट मागे घ्या आणि मोठ्याने सांगा, “दुखतंय.”